बाबाचा वाटा

"या महिन्याचा वाटा बाबाला देऊ या," बारक्या म्हणाला आणि ताईच्या हातातला घास ताटातच राहिला.

आईनं मान वर केली नाही. ती बोटाला चिकटपट्टी गुंडाळत होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, त्यांच्या कडा काढायच्या आणि फ्रेमच्या खोबणीत बसवायच्या, हे तिचं काम. बोटांना बारीक चिरा रोजच्याच. पट्टीचं टोक दातानं तोडून तिनं विचारलं, "कुठं भेटला?"

"शाळेच्या फाटकाशी. मागितलं काही नाही त्यानं. उलट मलाच खाऊला पैसे देत होता, मी घेतले नाहीत. पण पाय बघितले मी त्याचे. टम्म सुजलेत. चपलेत मावत नाहीत."

"वाटा बाहेरच्यांसाठी असतो," ताई म्हणाली.

"मग बाबा काय घरचा आहे?"

आई पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. नळाचं पाणी बादलीत पडत होतं. बारक्या अकरा वर्षांचा होता, ताई पंधराची. त्याला वाटलं आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो, म्हणून तो उठून नळ बंद करून आला.

"पाळी कुणाची आहे?" आईनं विचारलं.

"ताईची."

"मग ती ठरवेल. पण आधी बघून यायचं. नेहमीसारखं."

"आणि तू?" ताईनं विचारलं.

"मी कधी येते का?"

हे खरं होतं. वाट्यासाठी मुलं जात, आई कधीच जात नसे. पण आजचं खरं जरा तोकडं होतं आणि ते तिघांनाही कळत होतं.

त्यांच्या बाबाला सगळे पेंटर म्हणत. आईसुद्धा. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, गाड्यांच्या मागची अक्षरं, सगळं तो हातानं रंगवायचा आणि झोकात रंगवायचा. छापील फलक आले तसं काम ओसरलं, पण घर बुडालं ते त्यामुळे नाही. काम होतं तेव्हाही पैसा घरापर्यंत पोचत नसे. वाटेत कुणीतरी भेटायचं. कुणाची बायको दवाखान्यात, कुणाचं भाडं थकलेलं, कुणाला नुसतंच गावी जायचं. पेंटर खिशात हात घालायचा आणि येईल ते काढून द्यायचा. मोजायचा नाही, विचारायचा नाही, लक्षातही ठेवायचा नाही. घरी यायचा तो जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा. "आज एकाचं काम झालं बघ आपल्या हातून," म्हणायचा.

"आणि आपलं?" बायको विचारायची.

"आपलं होतं गं. आपलं अडतंय कुठं?"

अडलं ते एका संध्याकाळी. तीन महिन्यांचं भाडं त्यानं कामावरच्या एका जोडीदाराला देऊन टाकलं होतं. घरमालकानं सामान जिन्यात काढून ठेवलं. ती कामावरून आली तेव्हा ताई जिन्यात, गुंडाळलेल्या गादीवर बसून गृहपाठ करत होती आणि वरच्या मजल्यावरची माणसं पाय उचलून तिच्या वह्या ओलांडत होती. पोरगी रडत नव्हती. मान खाली घालून अक्षर कोरून काढत होती. आईला पुढं कितीतरी दिवस तिचं ते न रडणंच दिसत राहिलं.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं, "तुझ्या हाताला बूड नाही. तू जा." तो भांडला नाही. ब्रश तेवढे घेतले आणि गेला. इतक्या सहज गेला की तिला त्याचाही राग आला.

मग दुसरीच भीती तिला वाटायला लागली. ताई पैसा घट्ट धरायला शिकली. खोडरबर कुणी मागितलं तरी "हरवलं" म्हणायची. आणि बारक्या थेट बापावर गेलेला. डबा वाटून टाकून उपाशी घरी यायचा, वर खूश. एक मूठ कायमची मिटलेली, एक कायमची उघडी. हिला सैल करायची आणि त्याला बूड लावायचं, एकाच घरात, एकाच पगारात.

तेव्हा तिनं वाटा सुरू केला. पगारातून थोडे पैसे आई बाजूला काढायची. मुलांनी आपल्या खाऊच्या पैशांतून त्यात भर घालायची, कारण स्वतःला टोचलं नाही तर तो वाटा कसला. एका महिन्यात एकानं ठरवायचं कुणाला द्यायचं. पण आधी स्वतः जायचं, बसायचं, आणि विचारायचं: काय अडलंय? मिळालं तर काय करणार? ते संपल्यावर पुढं काय? आणि देऊन झाल्यावर परत एकदा जाऊन बघून यायचं.

पहिल्याच पाळीला बारक्यानं, पाकीट मारलं गेलंय म्हणणाऱ्या एका माणसाला सगळा वाटा देऊन टाकला. पुढच्या आठवड्यात तोच माणूस त्याच कोपऱ्यावर तीच गोष्ट दुसऱ्याला सांगत होता. बारक्या घरी येऊन हमसून रडला. आई म्हणाली, "देणं नाही चुकलं रे. बघणं चुकलं." ताईनं तिच्या पाळीला धार लावणाऱ्याच्या चाकाचा तुटलेला पट्टा बदलून दिला. महिन्यानं घरची सुरी घेऊन बघायला गेली तेव्हा तो पैसे घेईना. ताईनं हट्टानं त्याच्या हातावर ठेवले. "नाहीतर हा व्यवहार होईल," ती म्हणाली. आईनं हे ऐकलं आणि त्या दिवशी तिला वाटलं, मूठ उघडतेय.

आता त्याच मुठीसमोर बाप येऊन उभा राहिला होता.

रविवारी मुलं निघाली. आईनं मळलेली नसलेली चादर धुवायला काढली.

पेंटर एका गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायचा. गॅरेजचा मालक गाडीखाली पडून काम करत होता. तो तिथूनच म्हणाला, "पेंटरची पोरं ना तुम्ही? एक सांगतो. त्याच्या हातात रोख पैसा देऊ नका. गेल्या महिन्यात औषधाला म्हणून मी दिले, ते त्यानं इथल्या पोराला शाळेच्या बुटांना दिले. चांगला माणूस आहे, पण चाळणी आहे."

खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर पेंटर, दुसरीवर एक म्हातारा वेल्डर. दोघं पूर्वी एकाच कारखान्याच्या कुंपणावर काम करताना भेटलेले, आता भाडं निम्मं निम्मं भरत होते. पेंटर मांडीवर पत्रा घेऊन एका गाडीची नंबरप्लेट रंगवत होता. मुलांना बघून तो उठायला गेला आणि धापा टाकत पुन्हा बसला.

"या, सरकार या! वेल्डर, ओळखलंस का? ही माझी सगळी इस्टेट."

बारक्या आत जाऊन त्याला बिलगला. ताई उंबऱ्यातच थांबली.

"तुम्हाला काय अडलंय?" तिनं विचारलं.

"तुम्हाला?" पेंटर हसला. "अगं, बाप आहे मी तुझा. हेडमास्तर नाही."

लहानपणी ती त्याला अरेतुरेच करायची. हे 'तुम्ही' ती घरून येताना वाटेत कुठंतरी जुळवून आली होती. ती हसली नाही. तिनं प्रश्न पुन्हा विचारला. पेंटरनं ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला.

"औषध अडलंय. हृदयाला रक्त नीट उपसता येत नाही, म्हणून पाय सुजतात. दोन वेळच्या गोळ्या लिहून दिल्यात."

"पैसे मिळाले तर काय करणार?"

"गोळ्या आणीन."

"आणि त्या संपल्यावर?"

"याचं उत्तर डॉक्टरलाही येत नाही, बाई," तो म्हणाला. मग तिच्याकडं निरखून बघत, "कुणी शिकवले हे प्रश्न?"

"आईनं."

"मला विचारायला हवे होते तिनं. वेळेवर."

"रोज विचारत होती," ताई म्हणाली.

वेल्डर खाटेवरून उठून उगाच बाहेर गेला. पेंटर पत्र्यावरच्या ओल्या आकड्याकडं बघत बसला.

"पैसे नाही देणार मी," ताई म्हणाली. "औषध आणून देईन. दर रविवारी, आठवड्याचं."

"हातात नाही देणार?"

"नाही."

"बरोबर आहे," पेंटर म्हणाला. "मी तुझ्या जागी असतो तर मीही मला दिले नसते." आणि तो मोठ्यानं हसला. बारक्याही हसला. ताई नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय ठरलं?" तिला विचारायचं होतं, जेवतो का, अंथरूण बरं आहे का, माझं काही विचारलं का. ताईनं ठरलेलं सांगितलं. आई म्हणाली, "नीट केलंस." मग वळून ती चादर पुन्हा एकदा पिळू लागली.

पुढच्या महिन्यांचा वाटाही बाबाकडंच जाऊ लागला, पण गोळ्या स्वस्त नव्हत्या. वाट्यात भागेना. ताईनं खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांची शिकवणी धरली. आई सुट्टीच्या दिवशी तुटक्या फ्रेमी घरी दुरुस्तीला आणू लागली आणि हे जादा पैसे वाट्याचे आहेत असं कुणालाच म्हणाली नाही. रविवारी मुलं जायची. बारक्या बापाशेजारी बसून अक्षरं काढायला शिकायचा. ताई उंबऱ्यातून पाकीट पुढं करायची, "दोन वेळा घ्या," म्हणायची आणि बाहेर मोटारींच्या सांगाड्यांपाशी भावाची वाट बघत उभी राहायची.

रात्री आई भांडी घासता घासता विचारायची, "सूज उतरली का रे?"

"थोडी उतरलीये. आई, बाबा म्हणतो, तुझ्या आईला सांग, काचा घासताना स्वतः पण चष्मा घाल. नाहीतर लोकांना डोळे देता देता तुझे जातील."

"शहाणा आहे मोठा," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातून कामाचा जाड चष्मा काढला आणि घातला.

थंडी आली आणि सूज पुन्हा वाढली. बारक्या सांगायचा, बाबा आता बसूनच झोपतो, आडवं झालं की गुदमरतो. आई एका रविवारी निघायच्या तयारीनं साडी बदलून बसली. मुलं चपला घालत होती. ती दारापर्यंत आली, आणि म्हणाली, "पुढच्या वेळी बघू." काय आडवं आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. गेले की तो हसेल, विनोद करेल आणि इतक्या वर्षांचा राग दोन मिनिटांत वितळून जाईल, मग तो जिना, ती गादी, त्याचं काय करायचं? राग हीच तिच्याकडं त्या दिवसांची एकुलती पावती होती.

पुढची वेळ आली नाही. गुरुवारी सकाळी गॅरेजचा मालक चष्म्याच्या दुकानात आला. हातांना ग्रीस तसंच होतं. तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि त्यानं काही सांगायच्या आधीच तिला कळलं. तिच्या हातात कुणाची तरी काच होती, कड अर्धी झालेली. तिनं ती पूर्ण केली, पुसली, फ्रेममध्ये बसवून डबीत ठेवली, आणि मग मशिन बंद केलं.

अंत्यविधीला मोजकी माणसं होती. आयुष्यभर ज्यांना त्यानं दिलं, त्यांतलं कुणी आलं नाही. त्यांना कळवणार तरी कोण? त्यांची नावं पेंटरलाच ठाऊक नसत.

तिसऱ्या दिवशी तिघं सामान आवरायला त्या खोलीवर गेली. आई पहिल्यांदाच जात होती. सामान म्हणजे दोन कपडे, ब्रश आणि रंगाचे डबे. वेल्डर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं कुणाकडंच बघितलं नाही. मग एकाएकी म्हणाला,

"वहिनी, मला एक सांगायचंय. नाही सांगितलं तर मला जगता यायचं नाही."

"बोला."

"त्याचं अन् माझं दुखणं एकच. डॉक्टर एक, गोळी एक. माझ्या गोळ्या बंद पडल्या होत्या, पैसाच नव्हता. तो म्हणाला, पोरीनं आणल्यात, दोघांना पुरतील. सकाळची तो घ्यायचा, संध्याकाळची मला द्यायचा." म्हातारा थांबला. "मी नको म्हणायचो. पण जोर लावून नको नाही म्हणालो, वहिनी. तो म्हणायचा, पोरीला कळू देऊ नकोस, ती बंद करेल."

ताईच्या हातात रंगाचा डबा होता. तिनं तो हळूच खाली ठेवला आणि बाहेर निघून गेली.

घरी येताना ती चार पावलं पुढंच चालली. घरात आल्यावर भिंतीकडं तोंड करून बसली.

"वाटून टाकेल म्हणून मी पैसे दिले नाहीत," ती म्हणाली. "तरी त्यानं वाटलंच."

"त्याचा स्वभाव होता तो."

"देऊन झाल्यावर बघायला जायचं, हा तुझाच नियम ना? मी दर रविवारी जात होते, आई. पण बघत नव्हते. दारातून हात पुढं करायचे. आत बसले असते, संध्याकाळपर्यंत थांबले असते, तर कळलं असतं. बारक्या लहान आहे. मला कळायला हवं होतं."

आईला तिला जवळ घ्यायचं होतं, 'तुझा काही दोष नाही' म्हणायचं होतं. पण पोरीला नुसतं समजावलेलं चालणार नव्हतं, हे तिनंच घडवलेलं होतं.

"तू दारापर्यंत तरी गेलीस," आई म्हणाली. "मी तेवढीही गेले नाही."

ताई वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती आईसमोर मोठ्यानं रडली. "मला त्या वेल्डरकाकांचा राग येतो. वाटतं, जायचं तर त्यांनी जायचं होतं. आणि असं वाटतं म्हणून माझीच मला लाज वाटते."

"दोन्ही वाटू दे," आई म्हणाली. "एकदम काही जायचं नाही त्यातलं."

सोमवारी कामाला जाताना आई डॉक्टरकडं थांबली. पूर्ण गोळ्या घेतल्या असत्या तर, एवढंच तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाला, काही महिने मिळाले असते. कदाचित. हे पोरीला सांगायचं की नाही, याचा तिनं दिवसभर काचा घासत विचार केला. संध्याकाळी सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं. "कदाचित," ती स्वतःशीच म्हणाली आणि शिकवणीच्या मुलांना अंक गिरवायला दिले.

पुढचा रविवार आला. गेल्या रविवारी द्यायच्या गोळ्या आधीच आणून ठेवलेल्या होत्या. फळीवर पाकीट तसंच पडलं होतं. नवा महिना लागला होता आणि पाळी बारक्याची होती. त्यानं आईकडं बघितलं, ताईकडं बघायचं टाळलं.

"वेल्डरकाकांना," तो म्हणाला.

ताई ताडकन उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लागलं. बारक्याचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं का माझं?" त्यानं विचारलं.

"पाळी तुझी आहे."

"पण ताई..."

आईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग दार उघडलं. ताईनं केस विंचरले होते, डोळे धुतले होते. तिनं फळीवरचं पाकीट घेतलं. "चल. उशीर केला तर सकाळची चुकेल त्यांची."

आईनं चपला घातल्या. मुलांनी तिच्याकडं बघितलं आणि बारक्यानं दार उघडलं.

खोलीत आता एकच खाट होती. वेल्डर दारात तिघांना बघून गडबडला. हात जोडू की नको, असं त्याचं झालं. ताईनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि ती सरळ आत जाऊन जमिनीवर बसली.

"काका, आज सकाळची घेतली?"

"कुठली गं पोरी? त्याच्याबरोबरच संपल्या."

"मग ही घ्या. आणि संध्याकाळची संध्याकाळी. दोन्ही तुम्हीच घ्यायच्या. कुणालाही द्यायच्या नाहीत."

"मी कुणाला देऊ आता?" वेल्डर म्हणाला.

"माझ्यासमोर घ्या."

त्याला वेष्टनातून गोळी सुटेना. बारक्यानं ती सोडवून त्याच्या तळहातावर ठेवली. ताईनं माठातून पेला भरून दिला. म्हाताऱ्यानं गोळी जिभेवर ठेवली, पाणी घेतलं, मान मागं टाकली. ताई त्याच्या गळ्याकडं बघत होती. तो गिळून झाला तरी ती उठली नाही. संध्याकाळला अजून पुष्कळ अवकाश होता. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

आई दारात उभी होती. आत जिथं पेंटरची खाट होती तिथली फरशी बाकी खोलीपेक्षा उजळ होती आणि तिच्या एका कडेला लाल, निळे, पांढरे रंगाचे थेंब वाळून घट्ट झालेले होते. तिनं पदर सावरला, आत आली आणि तेवढी जागा सोडून पोरीशेजारी बसली.